आधी दाराजवळ बसू द्या

श्रोतेहो, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. जे वाचले त्यांना आपण सांगत आलो, 'झालं गेलं विसरा.' पण विसरणे का कुणाच्या हाती असते? रस्त्याने ट्रक धडधडत गेला तरी छातीत धस्स होते!

म्हणून जाणता समुपदेशक खोदून विचारीत नाही. 'कुठं बसू या? दार उघडं ठेवू का? आज बोलावंसं वाटतं का?' एवढेच तो विचारतो. ज्याचे सारे क्षणात हिरावले गेले, त्याला आधी 'हो' किंवा 'नको' म्हणण्याचा हक्क परत द्यायचा असतो. पुढची वाट दोघांनी मिळून ठरवायची. तो 'थांबा' म्हणाला, की थांबायचे.

आपणही एवढे करू या. उपदेश राहू द्या. नुसते जवळ बसा.