हुडाची जीप आणि आम्ही बारा जणी

आज गाडीविषयी बोलायचं आहे. हसू नका. आमच्या गटाकडे तीन वर्षांपासून एक जुनी डिझेल जीप आहे, वर ताडपत्रीचं हूड असलेली. आमची गावं पाचगणीच्या पठारावर. स्ट्रॉबेरी, गाजर, घेवडा वाईच्या बाजारात न्यायचा म्हणजे पसरणी घाट उतरायचा. टेम्पोवाला त्याच्या सवडीनं येणार आणि स्ट्रॉबेरी तर कुणासाठी थांबत नाही, दुपारपर्यंत तिला पाणी सुटतं. म्हणून गटाच्या बचतीतून ही जीप घेतली. दोघींनी लायसन काढलं.

घेताना आम्ही रंग बघितला, हॉर्न वाजवून बघितला आणि पैसे मोजले. तिथंच चुकलो. पायाखालची चटई उचलून बघायची, हे कुणाला सुचलं नाही. पहिल्या पावसात हूड गळलं, चटई भिजली. वाळवायला म्हणून काढली, तर खालचा पत्रा भिजल्या पापडासारखा. बोट घातलं की रस्ता दिसत होता. तुम्ही जुनी गाडी घ्यायला गेलात तर आधी चटई उचला, मग चाकांच्या वरचा पत्रा आतून ठोकून बघा. बद्द आवाज आला तर तिथं लांबी भरून वर रंग मारलाय असं समजा.

पण ते पत्र्याचं दुखणं. जिवावरचं दुखणं दुसरंच निघालं.

पहिल्याच हंगामात, भरल्या क्रेटनिशी घाट उतरताना ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं. लोण्यात पाय जावा तसं खाली गेलं. आमची चालवणारी डिझेल वाचवायचं म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची. त्या दिवशी तिनं डोकं शांत ठेवलं. पेडल भराभर मारत राहिली, आवाज करत का होईना तिसरा गियर घातला, मग दुसरा, आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. गाडी थांबली. शेजारी बसलेल्या दोघींना खाली उतरवावं लागलं, पाय चालत नव्हते. गंमत अशी, की वीस मिनिटांनी पेडल पुन्हा कडक! ब्रेक लागतोय की, म्हणून आम्ही तशाच पुढं गेलो असतो. काकू अडून बसल्या, म्हणून वाईहून मेस्त्री बोलावला.

मेस्त्रीनं डबी उघडून दाखवली. ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं. मग त्यानं जे सांगितलं ते नीट ऐका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात मीठ पाझरतं ना तसं. घाटात सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते आणि ओलावा असलेलं ऑइल लवकर उकळतं. उकळलं की त्यात वाफ होते. ऑइल दाबलं तर जोर चाकापर्यंत जातो. वाफ दाबली तर वाफच दबते, चाकाला काही कळत नाही. गार झालं की वाफ विरते आणि पेडल पुन्हा कडक. म्हणून तपासायला जावं तर दोष सापडत नाही, आणि पुढच्या उताराला तोच प्रकार.

यावर औषध साधं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. नुसतं वरून भरायचं नाही. आमच्यासारख्या पावसाच्या भागात तर बिलकूल टाळायचं नाही. बदलल्यावर चारही चाकांची एअर काढायची: एकीनं पेडल दाबून धरायचं, दुसरीनं चाकामागचं निपल पान्यानं सैल करायचं, बुडबुडे आणि ऑइल आलं की घट्ट करायचं, मग पहिलीनं पाय सोडायचा. आधी लांबचं मागचं चाक, शेवटी ड्रायव्हरजवळचं. डबी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पहिल्यापासून सगळं. आम्ही हे मेस्त्रीसमोर करून शिकलो. त्यात कुणी इंजिन ऑइल ओतलं तर आतली रबरं फुगतात, तेवढं सांभाळा. आणि डबीतलं ऑइल सारखं कमी होत असेल तर ते कुठंतरी गळतंय. टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ बघा. आमच्या मागच्या डाव्या चाकाचं सिलेंडर असंच सापडलं.

उतार आता आम्ही गियरमध्येच उतरतो. ज्या गियरमध्ये घाट चढतो, त्याच गियरमध्ये उतरायचा.

घरच्यांना हे सगळं दोन महिने सांगितलं नव्हतं. कळल्यावर व्हायचं ते झालं. "भंगारात घाला," एवढंच ऐकू येत होतं. गटाची बैठक बसली. विकायची म्हणणाऱ्या पाच, ठेवायची म्हणणाऱ्या सात. त्या पाच जणींनी अट घातली: दर रविवारी गाडी सगळ्यांनी मिळून तपासायची, वहीत लिहायचं आणि लिहिल्याशिवाय गाडी घाटात घालायची नाही. आज त्या पाच जणीच तपासणीला सगळ्यांत कडक आहेत.

रविवारी सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडतो. गरम असताना कधीही नाही, वाफ तोंडावर येते. आधी आम्ही विहिरीचं पाणी भरायचो. त्याचा चुन्यासारखा थर आत बसला आणि चढाला काटा लाल रेघेवर जायला लागला. रेडिएटर साफ करून कूलंट घातल्यापासून तो त्रास गेला. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर मात्र हेड गॅसकेटची शंका घ्या आणि गाडी मेस्त्रीला दाखवल्याशिवाय बाहेर काढू नका. त्या वेळी चालढकल केली तर इंजिनच जातं.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी येते. आधी निगेटिव्ह वायर सोडायची, मग पॉझिटिव्ह, गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुवायचं, पुसून व्हॅसलिन लावायचं. हॉर्न दाबला की दिवे मंद होत असतील तर बऱ्याचदा अर्थिंगची वायर गंजलेली असते. आमचा एक दिवा वर्षभर बल्ब बदलून बदलून दुरुस्त होत होता. शेवटी वायरीचं टोक काचेच्या कागदानं घासलं, झालं!

हुडाचं सांगायचं राहिलं. घरच्या मशीनवर शिवायला घेतलं, तीन सुया मोडल्या. शेवटी गावातल्या चर्मकार दादांनी आरीनं हातशिलाई घालून दिली, ती अजून टिकून आहे. ओलं हूड घडी घालून ठेवायचं नाही, बुरशी धरते. मागची प्लॅस्टिकची खिडकी थंडीत सकाळी गुंडाळली तर तडकते. उन्हात मऊ झाल्यावर गुंडाळा. आमच्यातल्या एकीचा भाचा इंग्लंडला गॅरेजात आहे. तिकडं हौशी लोक जुन्या, उघड्या टपाच्या छोट्या मोटारी जिवापाड जपतात. एमजी बी नावाची एक आहे, 1962 ते 1980 पर्यंत निघत होती. फोनवर तो दुखणी सांगत होता: कुजलेला पत्रा, गळकं टप, खराब अर्थिंग. आम्ही म्हटलं, अरे, ही तर आमच्या जीपची कुंडली!

आता पासिंग. आमची गाडी पंधरा वर्षांपुढची, त्यामुळे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि पीयूसी वेगळं. पांढऱ्या पाटीची गाडी असल्यानं भाडं घेऊन दुसऱ्याचा माल नेत नाही. पुढच्या महिन्यात आमची मुदत आहे. हँडब्रेकची केबल बदलून झाली, दिव्यांचा फोकस अजून लावायचाय. ब्रेक ऑइलची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलेली आहे, या दिवाळीला दोन वर्षं होतात. त्या दिवशी ज्यांना एअर काढायला शिकायचंय त्यांनी सकाळी सातला आमच्याकडं या. जुने कपडे घालून या, कारण ते ऑइल रंग खातं. चहा आमच्याकडून.