पानांवरची चित्रं वाचायला शिकताना

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



पंचविसाव्या वर्षी बाहेरचा वक्ता आणायचा नाही, आपल्यातल्याच माणसांनी आपल्या आवडीचं काही सांगायचं, असं कमिटीनं ठरवलं. माझ्या नावापुढे ‘चित्रकला’ लिहिलं होतं. विषय मीच बदलून घेतला. कारण गेली दोन-तीन वर्षं जिन्यात भेटणाऱ्या निम्म्या बायका मला विचारतात, “मॅडम, तुम्ही पानं बघता म्हणे?” म्हटलं, एकदाच सगळ्यांसमोर सांगून टाकावं. हो, बघते. काय बघते, ते ऐका.

हे गेल्यानंतरच्या पावसाळ्यात लेकीनं पुण्याहून टॅरोच्या पत्त्यांचा एक जोड पाठवला. म्हणाली, “आई, भविष्य राहू दे, नुसती चित्रं बघ.” तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईला एवढं आमिष पुरतं.

या जोडात ७८ पानं असतात. त्यातली २२ मोठी: मूर्ख, सम्राज्ञी, न्याय, मृत्यू, मनोरा, सूर्य अशी. उरलेली ५६ आपल्या पत्त्यांसारखी चार रंगांची, छड्या, चषक, तलवारी आणि नाणी. प्रत्येक रंगाची १४. आज जो जोड सगळीकडे दिसतो तो १९०९ साली लंडनला निघाला. कल्पना आर्थर वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ नावाच्या चित्रकार बाईंची. त्याआधीच्या बहुतेक जोडांत लहान पानांवर नुसते सात चषक, आठ तलवारी असं मांडलेलं असायचं. या बाईंनी प्रत्येक पानावर माणसं घातली, प्रसंग घातला. त्यामुळे न शिकलेल्या माणसालाही त्या पानाशी बोलता येतं. एवढ्या कामाचे त्यांना पैसे मात्र थोडेच मिळाले.

आता चिन्ह म्हणजे काय? येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत एखादी बाई गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन चाललेली दिसली, तर ती कोण, कशाला निघालीय, तिच्यापुढे काय ठेवायचं, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण मुंबईत वाढलेल्या नातवाला ती फक्त एक टोपली दिसते. आपण ते कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. आईच्या मागं चालता चालता शिकलो. चिन्हं अशीच शिकावी लागतात, बघून बघून. पानांचं तसंच आहे. पुस्तकातले अर्थ पाठ केले की आठ दिवसांत विसरतात. मी रोज सकाळी चहाबरोबर एकच पान समोर ठेवायची आणि शाळेत मुलांना विचारायची तेच स्वतःला विचारायची: काय काय दिसतंय? आधी दिसतंय ते सांग, अर्थ मागून.

मृत्यूचं पान घ्या. नाव ऐकूनच लोक हात मागं घेतात. चित्रात पांढऱ्या घोड्यावर काळं चिलखत घातलेला सांगाडा आहे. खाली राजा मरून पडलाय, मुकुट बाजूला. धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एक तरुणी तोंड फिरवून बसलीय. आणि एक लहान मूल त्या घोड्याकडे सरळ बघतंय. चौघांच्या चार तऱ्हा. लांब दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य आहे. आमच्या घरी त्या वर्षी मी या चारही तऱ्हा पाहिल्या होत्या. लेकीचा धाकटा तेवढा फोटोजवळ जाऊन बिनधास्त आजोबांशी बोलायचा. पुस्तकात या पानाचा अर्थ ‘बदल’ असा देतात. मला तो फार गुळगुळीत वाटतो. चित्रात बरंच जास्त आहे.

नऊ तलवारींचं पान तसंच. मध्यरात्री एक बाई अंथरुणात उठून बसलीय, तोंड दोन्ही हातांत. मागच्या काळोखात नऊ तलवारी आडव्या. अंगावर गोधडी, तिच्यावर गुलाबाची फुलं आणि राशींची चिन्हं. हे पान मी बरेच दिवस बघवत नसल्यानं खाली सारत होते. मग एकदा चित्र म्हणून नीट पाहिलं. एकही तलवार तिला लागलेली नाही. आणि गोधडी कुणीतरी फार मायेनं शिवलेली आहे. त्या रात्री मला झोप लागली, असं मी म्हणणार नाही. पण उठून दिवा लावला आणि सासूबाईंनी शिवलेली वाकळ पेटीतून काढली, एवढं खरं.

मनोऱ्याचं पान मात्र आपल्या जिल्ह्यात वेगळं वाचावं लागतं. उंच मनोऱ्यावर वीज पडलीय, माथा उडालाय, दोन माणसं खाली कोसळतायत. इंग्रजी पुस्तकं सांगतात, हा अहंकाराचा मनोरा. बरोबर असेल. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना अहंकार सांगायचा नाही. किल्लारी, सास्तूरकडची माणसं आदल्या रात्री गणपती बोळवून झोपली होती. त्यांच्या दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर आली. त्यात त्यांचा कसला अहंकार? म्हणून मी म्हणते, चिन्हाचा अर्थ पानावर अर्धाच असतो. उरलेला अर्धा बघणाऱ्याच्या गावात असतो.

आता भविष्याचं. हे पत्ते मुळात खेळायचे. पंधराव्या शतकात इटलीतल्या श्रीमंत घरांत ते रंगवून घेत. १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकानं लिहिलं की हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. गंमत बघा, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ मध्ये. पण तोवर लोक पत्त्यांत नशीब बघायला लागले होते.

आपल्याकडे सावंतवाडीला दशावतारी गंजिफा आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. मत्स्य, कूर्म, परशुराम, सगळे हाताने रंगवलेले. दिवसा खेळ रामाच्या रंगानं सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. एवढी देवांची पानं हातात असून आपल्या लोकांनी डावच खेळला. भविष्य सांगायला आपल्याकडे पोपटवाला होता. आठवतोय ना? बाजाराच्या दिवशी झाडाखाली पिंजरा, पोपट बाहेर येऊन चोचीनं एक पाकीट ओढायचा, आत देवाचं चित्र. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपले पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. शिवाय तुळजापूरला देवळात चिंतामणी आहे. त्या गोल दगडावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर नाही, जागीच राहिला तर उशीर. आपल्यातले किती जण तिथं हात ठेवून आलेत, मी हात वर करायला सांगत नाही.

मला यात एक गोष्ट नेहमी जाणवते. दगड काही बोलायच्या आधी माणसाला आपला प्रश्न एका वाक्यात मांडावा लागतो. निम्मं काम तिथंच होतं.

मागच्या वर्षी शिराढोणकडच्या माझ्या ओळखीच्या एक बाई आल्या. त्यांना विचारून सांगतेय, नाव घेत नाही. मुलगा सहा वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. दोन एकर विकलं. “मॅडम, या वर्षी होईल का, तेवढं पान काढून सांगा.” मी म्हटलं, “ताई, ते मला कळत नाही, पानालाही कळत नाही. ७८ पानांतून ओळीनं तीन पानं काढायचे ४,५६,४५६ प्रकार होतात. त्यातला एक तुमच्या हाताला लागणार. पण काढा एक, आणि काय दिसतंय ते तुम्ही मला सांगा.”

त्यांनी काढलं ते आठ चषकांचं. पुढे आठ पेले रचून ठेवलेत, वरच्या रांगेत एकाची जागा मोकळी. एक माणूस पाठमोरा, हातात काठी, रात्री डोंगराकडे चाललाय. वर चंद्र. पुस्तकात लिहिलंय, जमवलेलं मागं टाकून नव्याच्या शोधात निघणं.

बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “हा रात्रीचाच का निघालाय? कुणी बघू नये म्हणून ना?” थोड्या वेळानं म्हणाल्या, “आमचा दिवाळीला पण रात्रीच्याच गाडीनं येतो. आणि उजाडायच्या आत परत.” मी काहीच बोलले नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याच ओट्याजवळ उभं राहून त्याला फोन लावला. “पास हो नाहीतर नको होऊस, दिवसाउजेडी घरी ये,” असं म्हणाल्या. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. त्या पुष्कळ वेळ नुसत्या “हां, हां” करत होत्या.

त्याचा निकाल अजून लागायचाय. आता तो दिवसा येतो.

हे पानानं केलं असं मी म्हणत नाही. आईला ते आतून माहीतच होतं. चित्रानं तिला बोलायला जागा दिली. म्हणून माझे तीन नियम आहेत, ते इथं जाहीर सांगते. एक, पैसे घेत नाही. दोन, आजार, औषध, शेतीचा व्यवहार आणि मुलीचं लग्न यांसाठी पान काढत नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, वकील आहेत, आणि मुलीच्या बाबतीत स्वतः मुलगी आहे. तीन, अर्थ मी सांगत नाही, बघणाऱ्यानं सांगायचा. फोनवर हजार-दोन हजार घेऊन ‘तुमच्यावर सावट आहे’ म्हणणारे भेटले, तर फोन ठेवून द्या आणि वर माझ्याकडे चहाला या.

समोरच्या बाळगोपाळांसाठी एक काम. आपल्या सोसायटीच्या २५ वर्षांची पानं आपणच काढू. पाण्याची टाकी, गच्चीवरची पापडाची वाळवण, टँकरची रांग, गेटजवळचा कडुनिंब. प्रत्येकानं एक पान रंगवायचं. रंग माझ्याकडे आहेत. रविवारी सकाळी दहा वाजता, येताना जुनं वर्तमानपत्र तेवढं आणा, फरशी खराब होते.