नकाशाच्या समासातील पलटण
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



लढायांचा इतिहास आपण सेनापतींच्या नावांनी वाचतो. त्या सेनापतींच्या मेजावर नकाशा ज्यांनी ठेवला, त्यांचा उल्लेख सहसा येत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्स व बेल्जियममध्ये लढणाऱ्या ब्रिटिश सैन्यात फील्ड सर्व्हे कंपनी या नावाच्या तुकड्या होत्या. त्यांचा माग जुन्या लष्करी नकाशांवरून कसा काढता येतो, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

नकाशांवरूनच का, असे कोणी विचारील. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बाँबवर्षावात ब्रिटिश युद्धखात्याच्या दप्तरखान्याला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या सेवापत्रांपैकी निम्म्याहून अधिक जळून गेली. तुकड्यांच्या दैनंदिनी बचावल्या. त्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. परंतु दैनंदिनीत बोलतो तो अधिकारी. मोजणीदार, आरेखक आणि छापयंत्र चालविणारा यांचे काम मात्र नकाशावरच राहिले.

१९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ब्रिटिशांच्या हाती फ्रान्सचे १:८०,००० प्रमाणाचे, जुन्या मोजणीवर आधारलेले नकाशे होते. कूच करणाऱ्या सैन्याला ते पुरत. खंदकात बसलेल्या सैन्याला त्यांचा उपयोग नव्हता. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल या खेड्यावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर आपल्या पुण्याजवळील खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या चालून गेल्या. पूल बांधणारे, खंदक खणणारे हे जवान घराघरांतून लढले आणि त्यांची फार मोठी हानी झाली. १० मार्च १९१५ रोजी त्याच खेड्यावर पुन्हा हल्ला झाला व त्यातही हिंदी सैन्य होते. मात्र या वेळी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून जर्मन खंदक रेखाटून तयार केलेले नकाशे आधीच वाटण्यात आले होते. खेडे त्याच दिवशी हाती आले. पुढची चढाई अडली ती अडलीच. नकाशाने लढाई जिंकता येते, असा माझा दावा नाही.

या मधल्या काळात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, कॅप्टन विंटरबॉथम यांच्या हाताखालची मोजणीदारांची एक लहानशी तुकडी फ्रान्समध्ये उतरली होती. तिच्यापासून वाढत वाढत १९१६ च्या आरंभी प्रत्येक आर्मीला एक याप्रमाणे फील्ड सर्व्हे कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्या कामाची रीत ऐकून पंचायत सदस्यांना मौज वाटेल. त्यांनी फ्रेंच खेड्यांच्या कचेऱ्यांतून शेतांच्या हद्दी दाखविणारे गावनकाशे गोळा केले, ते लहान प्रमाणावर आणले आणि मोजणीच्या पक्क्या बिंदूंशी जुळवून घेतले. शेतसारा आकारण्यासाठी काढलेले कागद अशा रीतीने तोफांच्या कामी आले!

संशोधकाने प्रथम पाहावयाचा तो नकाशाचा समास. तेथे कंपनीचे नाव, छपाईचा क्रमांक, आवृत्ती आणि खंदक कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त केले आहेत याची नोंद आढळते. एकाच पत्रकाच्या लागोपाठच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की त्या कंपनीचा दिनक्रम दिसू लागतो. कोणता भाग वारंवार सुधारला, कोठे महिनोन्‌महिने हात लागला नाही, तातडीची छपाई आघाडीवर झाली की साउदॅम्प्टनच्या ऑर्डनन्स सर्व्हे कचेरीत, हे सारे समासावरून ताडता येते.

मात्र सावधगिरी हवी. १९१८ च्या आरंभापर्यंत जर्मन खंदक तांबड्या व ब्रिटिश खंदक निळ्या रंगात दाखवीत. पुढे हे रंग उलटे झाले. तारीख न पाहता रंगावर विसंबणारा शत्रूच्या खंदकाला आपला म्हणून बसेल. दुसरे असे की, नकाशा शत्रूच्या हाती पडेल या भीतीने सर्वसाधारण वाटपाच्या प्रतींवर स्वतःचे खंदक बहुधा दाखवीतच नसत. तेव्हा कोऱ्या जागेचा अर्थ तेथे काही नव्हते असा करू नये. अशा वेळी दैनंदिनी व विमानातील छायाचित्रे यांच्याशी ताळा पाहावाच लागतो.

तोफखान्याचे लोक या मोजणीदारांना थट्टेने ज्योतिषी म्हणत. आरंभी त्या थट्टेत अविश्वास होता. नोबेल पारितोषिकाचे मानकरी लॉरेन्स ब्रॅग यांच्यासारखे शास्त्रज्ञ आवाजावरून शत्रूच्या तोफेचा ठाव काढू लागले; या कामाची पथकेही सर्व्हे कंपन्यांनाच जोडली गेली. २० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रे येथे सुमारे १,००० तोफांनी आधी एकही चाचणीचा गोळा न टाकता, केवळ मोजणीच्या आधारे एकदम मारा केला. शत्रू बेसावध सापडला. दहा दिवसांनी प्रतिहल्ल्यात बरीच भूमी परत गेली, हेही सांगितले पाहिजे. पण त्यानंतर तोफखान्याची थट्टा ओसरली. ब्रिटिश अभ्यासक पीटर चॅसो यांनी या मोजणीदारांवर १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नावातच ‘ज्योतिषी’ हा शब्द आहे.

हे काम परदेशी जाऊनच करावे लागते असे नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अशी अनेक पत्रके इंटरनेटवर विनामूल्य ठेवली आहेत. ज्या शिक्षकांना हौस असेल त्यांनी पत्रक क्रमांक ३६, नैऋत्य भाग, उघडावे. मोठ्या चौकोनाला अक्षर, त्यातील १,००० यार्डांच्या चौकोनाला अंक, त्याचे पुन्हा चार भाग, अशी त्याची आखणी आहे. नव्ह शापेल त्यात सापडेल. १९२७ मध्ये उभारलेले, ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचे स्मारक त्याच गावाच्या शिवेवर आहे. अर्थात त्या जुन्या पत्रकावर ते दिसणार नाही. खडकीच्या कंपन्या ज्या रस्त्यांवरून आत शिरल्या, ते रस्ते दिसतील.