मुट्टप्पदी : समुद्रकाठची स्वाभिमानाची शाळा
(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



कन्याकुमारीला सहलीला जाऊन आलेले बरेचजण या सभागृहात असतील. समुद्रांचा संगम, विवेकानंद शिलास्मारक, सूर्योदय एवढे पाहून आपण परत येतो. त्याच किनाऱ्यावर, कन्याकुमारीपासून जवळच, मुट्टप्पदी नावाचे एक पवित्र स्थान आहे. तिकडे आपले पाय सहसा वळत नाहीत. ते अय्यावळी पंथाच्या पाच प्रमुख स्थानांपैकी एक. तमिळमध्ये 'अय्या' म्हणजे पितृतुल्य आदरणीय पुरुष आणि 'वळी' म्हणजे वाट. अय्यांनी दाखविलेली वाट ती अय्यावळी. या वाटेची हकीकत आज आपणापुढे मांडावी, असे मी ठरविले आहे.

हा मुलूख आज तमिळनाडूत आहे. 1956 पूर्वी तो त्रावणकोरचा भाग होता. एकोणिसाव्या शतकातील त्रावणकोर संस्थानात ताडीच्या झाडावर चढून पोट भरणाऱ्या शाणार जातीची, म्हणजे आजच्या नाडार समाजाची, काय अवस्था होती? पायात वहाण घालायची नाही. छत्री धरायची नाही. सोन्याचा दागिना घालायचा नाही. स्त्रियांनी पाण्याची घागर कमरेवर घ्यायची नाही आणि छातीवर वस्त्रही घ्यायचे नाही. नंबुद्री ब्राह्मणापासून 36 पावले दूर राहायचे. शिवाय वेठबिगार आणि जातीपरत्वे लादलेले कर होतेच.

अशा समाजात 1809 च्या सुमारास स्वामीतोप्पू येथे एक मुलगा जन्मला. आईबापांनी हौसेने नाव ठेवले मुडिसूडुम पेरुमाळ, म्हणजे मुकुट धारण करणारा विष्णू. वरिष्ठ जातींना ते खपले नाही. शाणाराच्या पोराला मुकुटाचे नाव? नाव बदलावे लागले आणि मुलगा मुत्तुकुट्टी झाला. मित्रहो, ज्या व्यवस्थेला लहान लेकराच्या नावाचीसुद्धा धास्ती वाटते, ती आतून किती भित्री असेल याचा विचार करा.

1833 मध्ये, आजारी अवस्थेत, मुत्तुकुट्टी तिरुचेंदूरच्या समुद्रात उतरले आणि तिसऱ्या दिवशी वैकुंडर होऊन बाहेर आले, अशी अनुयायांची श्रद्धा आहे. ते नारायणाचे अवतार होते असे अनुयायी मानतात. आपण चमत्कार मानणारे नाही. पण त्यानंतर जे घडले, ते इतिहासाने नोंदविले आहे. स्वामीतोप्पूला लोक जमू लागले, जातिभेद सोडून एकत्र बसू लागले, एकत्र जेवू लागले. राजा स्वाती तिरुनाळ यांच्या सरकारने वैकुंडरांना तिरुवनंतपुरमला नेऊन कैदेत टाकले. 1839 मध्ये त्यांची सुटका झाली.

सुटकेनंतर त्यांनी एक विलक्षण उपक्रम हाती घेतला. त्याचे नाव 'तुवयल तवसु'. तुवयल म्हणजे धुणे, तवसु म्हणजे तप. धुण्याचे तप! सुमारे 700 कुटुंबे समुद्रकाठी वाकैप्पदी येथे जाऊन राहिली. या तपाचा दुसरा टप्पा मुट्टप्पदीला पार पडला. रोज समुद्रात स्नान करायचे, कपडे धुवायचे, दिवसातून एकदाच साधे शाकाहारी अन्न खायचे आणि सर्वांनी मिळून शिस्तीने राहायचे. पुढे हीच माणसे 'तुवयल पंडारम' म्हणून ओळखली गेली आणि त्यांनी हा विचार गावोगावी नेला.

येथे एखादा विद्यार्थी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की धुण्याचे तप केले म्हणजे आपण मळलेले आहोत हे कबूल केले असे नाही का होत? प्रश्न रास्त आहे. पण त्या काळचा विटाळ जन्माने ठरत होता. नुकत्याच आंघोळ केलेल्या शाणारालाही 36 पावलांची अट चुकत नव्हती. जो विटाळ पाण्याने जात नाही, तो मळ नव्हेच. तो दुसऱ्याने मारलेला शिक्का आहे. सातशे कुटुंबांनी स्वतःच्या हाताने स्वतःचे जीवन नीटनेटके केले आणि स्वच्छता ही माणसाची करणी आहे, जातीची मिरास नाही, हे दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही.

याच विचाराच्या आणखी दोन खुणा आहेत. देवळात जाताना वरिष्ठांपुढे मान झुकवावी लागे, तेथे या पंथाचे पुरुष आजही डोक्याला फेटा बांधून प्रार्थनेला जातात. मूर्तीच्या जागी आरसा असतो. हात जोडणाऱ्याला समोर स्वतःचा चेहरा दिसतो. ज्यांना माणूस म्हणून कोणी पाहिले नव्हते, त्यांना स्वतःकडे पाहायला शिकविणारी ही रीत आहे.

परंतु कोणत्याही चळवळीची खरी कसोटी वेगळीच असते. आपल्यापेक्षा खाली ढकललेल्यांशी आपण कसे वागतो? त्रावणकोरमध्ये शाणारांच्याही खाली पुलयर आणि परयर होते, ते गुलाम म्हणून विकले जात. स्वामीतोप्पूची 'मुंदिरिक्किणरु' ही विहीर सर्व जातींना खुली होती आणि एकाच पाण्यावर सर्वांनी यायचे होते. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला या विहिरीचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

वैकुंडर 1851 मध्ये गेले. 1855 मध्ये त्रावणकोरात गुलामगिरी रद्द झाली. 1859 मध्ये शाणार स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा मिळाली, तीही वरिष्ठ स्त्रियांच्या धाटणीने नाही, या अटीवर! मंदिरप्रवेशाला 1936 साल उजाडावे लागले. म्हणजे समुद्रकाठच्या तपाने कायदा बदलला नाही. कायद्यासाठी पुढे अनेकांना झगडावे लागले. पण झगडायला उभा राहणारा माणूस आधी घडावा लागतो आणि तो घडविण्याचे काम अशा ठिकाणी झाले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कन्याकुमारीला जाल तेव्हा मुट्टप्पदीलाही जा. नमस्कार करायचा की नाही हे तुमच्या विवेकावर सोडतो. पण तेथे उभे राहून स्वतःला एक प्रश्न जरूर विचारा : आपल्या वस्तीतली, आपल्या घरातली विहीर आपण कोणाकोणाला खुली ठेवली आहे? आपल्यापेक्षा दुबळ्याला आपण किती पावले लांब उभे करतो? याचे उत्तर प्रामाणिकपणे देता आले, तर तेवढा प्रवास सार्थकी लागला असे मी समजेन.