भटकी कुत्री: आधी मोजणी, मग भांडण

६ जून १८३२. मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मुदत त्या वर्षी वाढवली होती आणि कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्यामुळे शिपाई जोरात होते. पारशी समाजात कुत्रा पवित्र मानला जातो, त्यात तो दिवस त्यांच्या सणाचा. फोर्टमध्ये जमाव जमला आणि शिपायांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली नाहीत, हिंदू आणि जैन व्यापारीही पारश्यांच्या बाजूने उभे राहिले, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभॉय आणि शहरातल्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भारतातल्या प्राणिमित्र चळवळीचा इतिहास इथून सांगायला हरकत नाही.

त्यानंतर दीडशे वर्षं वाद जागचा हलला नाही. मारावं की मारू नये, एवढाच प्रश्न. नगरपालिका मारलेली कुत्री मोजत होत्या, दयाळू माणसं वाचवलेली. गल्लीत एकूण कुत्री किती, त्यांतल्या माद्या किती, वर्षाला किती पिल्लं जगतात, माणसांना चावे कधी आणि किती बसतात, याची वही कुणाकडेच नव्हती.

मद्रासच्या ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ या संस्थेने पहिला धडा घालून दिला, तोही पालिकेच्याच दप्तरातून. तिथे १८६० पासून कुत्री मारली जात होती. १९६४ च्या सुमाराला डॉ. चिन्नी कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने आकडे मागवले, तेव्हा मारलेल्या कुत्र्यांची संख्या दशकामागून दशक चढतच गेलेली दिसली. मारण्याने कुत्री कमी झाली असती, तर मारायला कुत्री कमी मिळायला हवी होती! १९९६ पर्यंत हा आकडा रोज १३५ च्या घरात गेला होता. त्याच वर्षी महापालिकेने नसबंदीचा मार्ग धरला. पालिकेला पटवण्यासाठी बत्तीस वर्षं लागली, हे खरं आहे. पण पटवताना हाताशी पालिकेचाच हिशेब होता, हेही तितकंच खरं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचं म्हणणंही तेच होतं. मोठ्या नेटाने राबवलेल्या मोहिमांतसुद्धा वर्षाला फार तर १५ टक्के कुत्री हटवली जातात. उरलेल्यांच्या वाट्याला जास्त खाणं येतं, जास्त पिल्लं जगतात आणि तूट भरून निघते.

जयपूरच्या ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेचं काम जरा जवळून पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९९४ ते डिसेंबर २००२ या काळात या संस्थेने २४,९८६ कुत्री पकडली, त्यांची नसबंदी केली, रेबीजची लस टोचली आणि जिथून उचलली तिथेच नेऊन सोडली. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. मुंबई-पुण्यातही गाडीखाली झोपलेल्या एखाद्या कुत्र्याचा कान नीट पाहिला तर ही खाच दिसते. मोजणाऱ्याचं सगळं काम या खाचेवर चालतं. कुत्री रस्त्यावर असतात अशा वेळी, ठरलेल्या मार्गाने, दर खेपेला त्याच रस्त्यांवरून जायचं. नर किती, मादी किती, पिल्लं किती आणि खाच कितींच्या कानाला, एवढं लिहायचं. कुत्र्याला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

या मोजणीतून काय निघालं, ते जॅक रीस आणि सुनील चावला यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या भागातल्या ६५ टक्के माद्यांची नसबंदी झाली होती आणि कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली होती. २४,९८६ हा आकडा देणगीदारांना सांगायला भारदस्त आहे. पण वाद मिटवतो तो ६५ टक्क्यांचा. पंचवीस हजार शस्त्रक्रिया अख्ख्या शहरभर विरळ पसरल्या, तर कुठल्याच गल्लीत फरक दिसत नाही. एकेका भागात बहुतेक माद्या पूर्ण करत पुढे सरकलं, तरच दिसतो. आपल्याकडच्या कित्येक पालिका आणि संस्था आजही वर्षाअखेर शस्त्रक्रियांचा एकूण आकडा जाहीर करून मोकळ्या होतात. तो आकडा खर्चाचा हिशेब देतो, परिणामाचा देत नाही.

जयपूरकर तिथेच थांबले नाहीत. शहरातल्या रुग्णालयातल्या चाव्यांच्या नोंदी त्यांनी महिन्यागणिक लावून पाहिल्या. चाव्यांनाही हंगाम असतो, असं निघालं. पावसाळा सरता सरता कुत्र्यांचा मिलनाचा हंगाम भरात येतो आणि त्यानंतर साधारण दहा आठवड्यांनी चाव्यांचा आलेख वर जातो. म्हणजे पिल्लं नुकती जन्मलेली असतात आणि आई त्यांच्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. ‘कुत्री माजली आहेत’ अशी तक्रार दर हिवाळ्यात येते, तिचं मोठं कारण हे आहे. मादीला पिल्लंच झाली नाहीत तर तिला त्वेषाने अंगावर यायचं कारणही उरत नाही. नसबंदीचं काम वाढत गेलं त्या वर्षांत जयपुरातल्या चाव्यांचं प्रमाण उतरत गेलं. ‘कुत्र्यांवर प्रेम करा’ असं शंभर वेळा सांगून जे साधत नाही, ते हा एक आलेख शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि वॉर्ड ऑफिसरला पटवून देतो.

गोव्यात ‘मिशन रेबीज’ने राज्य सरकारबरोबर काम केलं, त्याचा रोख रोगावर होता. कुत्र्यांपैकी किमान ७० टक्क्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हे संशोधनातून ठरलेलं माप. लस टोचली की कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करायची आणि ठिकाण मोबाइल ॲपमध्ये नोंदवायचं. मग वस्तीत पुन्हा फिरून रंग लागलेली किती आणि कोरी किती, हे पाहायचं. प्रमाण कमी पडलं तर पथक त्याच वाड्यावर परत. संशयित कुत्र्याची खबर द्यायला हेल्पलाइन होती आणि नमुने प्रयोगशाळेत जात होते. २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार गोव्यात दरमहा आढळणाऱ्या पिसाळलेल्या कुत्र्यांत ९२ टक्क्यांनी घट झाली आणि सप्टेंबर २०१७ नंतर, अभ्यासाच्या काळात, माणसाचा एकही रेबीजमृत्यू नोंदला गेला नाही. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाला. तिथे लसीकरण मात्र थांबवून चालणार नाही. कुत्र्याला आणि विषाणूला राज्याची हद्द कळत नाही.

आता प्राणिमित्रांना थोडं अवघड वाटेल असं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२२-२३ च्या पाहणीतून देशात वर्षाला रेबीजने सुमारे ५,७०० माणसं मरतात, असा अंदाज निघाला. दोन दशकांपूर्वीचा अंदाज २०,००० चा होता. ही घट संस्था आवर्जून सांगतात आणि सांगावीच. पण त्याच पाहणीत प्राण्यांच्या चाव्यांचा अंदाज वर्षाला ९१ लाख आहे आणि त्यांतले तीन चतुर्थांश चावे कुत्र्यांचे. ज्या आईच्या पोराला गल्लीत कुत्रा चावला, तिच्यासमोर पहिला आकडा ठेवायचा आणि दुसरा झाकायचा, हा अप्रामाणिकपणा आहे. त्याने चळवळीचंच नुकसान होतं. चावे हा आपला विषय नव्हे असं म्हणणाऱ्या संस्थेचं म्हणणं कुणी का ऐकावं?

मोजणी नसली की काय होतं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीने दाखवलं. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितलं. २२ तारखेला मोठ्या पीठाने आदेश बदलला. रेबीज झालेली आणि आक्रमक वगळता बाकीची कुत्री नसबंदी-लसीकरणानंतर जागेवर सोडण्याची मुभा मिळाली. त्या दिवसांत कुणी दिल्लीत आठ लाख कुत्री सांगत होतं, कुणी दहा लाख. वर्षानुवर्षं शहरभराची मोजणीच झालेली नव्हती, तेव्हा निवारे किती लागतील याचा हिशेब तरी कसा मांडणार? पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हटवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. तो अमलात आणायलाही आधी आकडेच लागतात.

मुंबईची स्थिती त्या मानाने बरी. इथे २०१४ मध्ये मोजणी झाली तेव्हा सुमारे ९५ हजार भटकी कुत्री निघाली, दहा वर्षांनी पुन्हा मोजली तेव्हा ९० हजारांच्या आसपास. घट मोठी नाही. पण काम पुरेसं झालेलं नाही, हेही मोजल्यामुळेच कळतं.

तेव्हा श्रोत्यांकडे मागणं एवढंच. आपापल्या गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी घालणारे इथे पुष्कळ असतील, त्यांच्या भीतीने वाट बदलणारेही असतील. दोघांनी मिळून एका रविवारी सकाळी गल्ली फिरावी. माद्या किती, कानाला खाच असलेल्या किती, पिल्लं किती, गेल्या वर्षात कुणाकुणाला चावा बसला, हे कागदावर लिहावं आणि त्याची प्रत वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्यावी. सहा महिन्यांनी पुन्हा तेच करावं.