गूळ, बाजार आणि बंदर

कोल्हापूरलगत पंचगंगेच्या कांठीं वसलेलें कसबा बावडा हें माझें गांव. आमच्याकडे गूळ होतो हें आपणांस ठाऊकच आहे. पण गूळ करणें हा एक धंदा आणि तो विकणें हा निराळाच धंदा, ही गोष्ट मला उमगली ती वडिलांच्या एका पट्टीमुळें.

गुऱ्हाळांत सारें कसब गुळव्याचें. भेंडीच्या रसानें काहिलींतील मळी वर आणावयाची, चिपाडांचा जाळ बेताचा ठेवावयाचा, आणि पाण्यांत थेंब टाकून पाक उतरावयाची घटका बोटांनीं ओळखावयाची. अशा कसोशीनें झालेले रवे वडील गाडींत घालून बाजारांत नेत. सातवींत असतांना मीं अडत्याची पट्टी सहज ताडून पाहिली. अडत, हमाली व तोलाई यांखेरीज तूट म्हणून दर रव्यामागें जें वजन कापलें होतें, त्याचा हिशेब कांहीं केल्या जुळेना. वडिलांस विचारलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "पोरा, काहील आपली, पर काटा त्येंचा."

हा काटा कोणाच्या हातीं जावा, हें पुष्कळदां वाट ठरविते. १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. तत्पूर्वीं येथील माल बैलगाड्यांनीं घाट उतरून राजापूरसारख्या कोंकणच्या बंदरांस जाई व तेथून गलबतांनीं मुंबईस. सतराव्या शतकांत इंग्रजांनीं वखार घालावी, एवढें तें राजापूर नांवाजलेलें! पण खाडी गाळानें भरत गेली, आगगाडीनें मालाचें तोंड फिरविलें, आणि बंदराचें वैभव ओसरलें. उलट, १८९५ सालीं शाहू छत्रपतींनीं स्टेशनाजवळ वसविलेली शाहूपुरी गुळाची मोठी पेठ झाली.

आतां सौदे बाजार समितीच्या आवारांत होतात, माल गुजराथेपर्यंत जातो, आणि २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही मिळालें. तथापि मानांकनानें नांवाचें रक्षण होतें, वजनाचें नव्हे. बावड्यांतच साखर कारखाना आहे. बराच ऊस तिकडे जातो आणि गुऱ्हाळें कमी होत चाललीं आहेत. जीं उरलीं आहेत तीं टिकावयाचीं, तर करणाराला विक्रीचा व्यवहारही कळला पाहिजे.

पुढें मास्तरकी करतांना गणिताच्या तासाला मीं मुलांना घरच्या खऱ्या पट्ट्या आणावयास सांगत असें. एकदां एका मुलानें बेरजेंतली चूक काढली, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील ती पट्टी घेऊन अडत्याकडे गेले. पैसे थोडेच परत मिळाले. पण माझ्या वडिलांनीं जो प्रश्न कधीं विचारला नाहीं, तो त्या गृहस्थांनीं विचारला.