बातमीची विद्या आणि धाराशिव जिल्हा

बारावीची परीक्षा आटोपली म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील अनेक घरांत मुलांच्या पुढील शिक्षणाचा खल सुरू होतो. वैद्यकी, अभियांत्रिकी, शिक्षकी, स्पर्धा-परीक्षा हीं नांवें सर्वांच्या परिचयाचीं असतात. अशा वेळीं घरांतील एखादी मुलगी "मला नभोवाणी आणि वृत्तपत्रविद्या शिकावयाची आहे" असें म्हणाली, कीं वडील मंडळी क्षणभर स्तब्ध होतात. मग प्रश्न येतो, "बातम्या सांगावयास पदवी कशाला लागते गं? पारावरचीं माणसें रोज फुकट सांगतात कीं!"

प्रश्न थट्टेचा वाटला तरी तो टाकाऊ नाहीं. आयुष्याचीं तीन वर्षें आणि घरचा पैसा ज्या शिक्षणावर खर्च व्हावयाचा, तें खरोखर विद्या या नांवास पात्र आहे कीं नाहीं, हें विचारण्याचा आईबापांस पुरा अधिकार आहे.

इतिहास प्रथमदर्शनीं वडिलांच्याच बाजूनें साक्ष देतो. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' सुरू केलें, तेव्हां वृत्तपत्रविद्येची पदवी जगांत कोठेंही नव्हती. १८८१ सालीं 'केसरी' निघाला. त्याच्या चालकांपैकीं आगरकर एम्. ए. आणि टिळक बी. ए., एल्एल्. बी. होते, पण बातमी लिहिण्याचे पाठ त्यांना कोणत्याही प्राध्यापकानें दिले नव्हते. अमेरिकेंत मिसूरी विद्यापीठानें १९०८ सालीं या विषयाची स्वतंत्र शाळा उघडली. आपल्या देशांत १९४१ सालीं लाहोरास पंजाब विद्यापीठानें असा विभाग काढला. स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत आणि १९५४ सालीं हैद्राबादच्या उस्मानिया विद्यापीठांत हे वर्ग सुरू झाले. यांतील शेवटचें नांव धाराशिवकरांच्या घरचें आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा हैद्राबाद राज्यांत होता. मराठवाड्याचें स्वतंत्र विद्यापीठ औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, निघालें तें २३ ऑगस्ट १९५८ रोजीं.

परंतु वर्गांत येण्यापूर्वींच ही विद्या मराठवाड्यानें दुसऱ्या एका शाळेंत शिकून घेतली होती. निजामी अमदानींत राज्यकर्त्यांस न रुचणारी बातमी छापणें म्हणजे संकटास आमंत्रण देणें होतें. आ. कृ. वाघमारे यांनीं १९३८ सालीं 'मराठवाडा' साप्ताहिक काढलें, पण तें मराठवाड्यांतून काढतां आलें नाहीं. तें पुण्याहून काढावें लागलें. निजामी राज्यांत त्यावर बंदी आली, कीं तें दुसरें नांव धारण करून पुन्हा निघे. पुढें याच पत्राचे संपादक झालेले अनंत भालेराव यांना स्वतंत्र भारतांतही आणीबाणीच्या काळीं तुरुंगवास पत्करावा लागला. हैद्राबादची 'डेक्कन रेडिओ' ही नभोवाणीही निजाम सरकारचीच होती. तिच्यावरून प्रजेचा आवाज निघण्याची सोय नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें आपली शरणागति जाहीर केली तीही नभोवाणीवरूनच. बातमी कोणाच्या हातीं आहे, यावर राज्य कोणाचें आहे हें कळतें, हा धडा त्या पिढीनें पुस्तकावांचून शिकला.

तो काळ गेला. आज धाराशिव येथें आकाशवाणीचें केंद्र आहे, आणि प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे. मग शिकावयाचें उरलें काय? याचें उत्तर जिल्ह्याच्या एका दुःखद आठवणींत सांपडतें.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. तीन वाजून छपन्न मिनिटांनीं लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांची सीमा हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींचीं घरें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. जगभर बातमी गेली ती 'लातूरचा भूकंप' किंवा 'किल्लारीचा भूकंप' या नांवानें, आणि त्याच नांवानें ती आजही ओळखली जाते. किल्लारी लातूर जिल्ह्यांतील. तिची हानि भयंकर होती यांत शंका नाहीं. परंतु सीमेच्या अलीकडील, आजच्या लोहारा तालुक्यांतील सास्तूर हें गांवही त्याच पहाटे उद्ध्वस्त झालें. मराठवाड्याबाहेर तें नांव कितीजणांस ठाऊक आहे? मथळ्यांत एक नांव येतें आणि दुसरें राहतें, यांत कोणाचा दुष्टावा नसतो. पण मथळ्यांत न आलेलें दुःख पुढें लोकांच्या आठवणींतूनही गळून पडतें.

मृतांच्या संख्येचीही तीच कथा. निरनिराळ्या नोंदींत ती आजही सुमारें ८ हजारांपासून सुमारें १० हजारांपर्यंत आढळते. ढिगाऱ्याशेजारीं उभ्या असलेल्या बातमीदारानें अशा वेळीं काय करावें? कानीं आलेला सर्वांत मोठा आंकडा धाडून मोकळें व्हावें काय? विद्येचें काम येथें सुरू होतें. आंकडा कोणी दिला, केव्हां दिला आणि कोणत्या गांवापुरता दिला, हें सांगितल्यावांचून तो पुढें जाऊं देऊं नये, ही संवय गोंधळाच्या क्षणीं आपोआप येत नाहीं. ती आधीं अंगीं बाणवावी लागते.

नभोवाणीची तर रीतच निराळी. वर्तमानपत्राचा वाचक अडला तर मागील ओळ पुन्हा वाचतो. श्रोत्याला तें शक्य नसतें. निसटलेला शब्द निसटला तो निसटलाच. म्हणून कानासाठीं लिहिलेलें वाक्य लहान असावें लागतें, एका वाक्यांत एकच गोष्ट सांगावी लागते, आणि ती कोण सांगतो हें आरंभींच यावें लागतें. सीना-कोळेगांव धरणाचे दरवाजे उघडावयाचे आहेत अशी कल्पना करावी. "रात्रीं दरवाजे उघडणार, असें पाटबंधारे खात्यानें कळविलें" हें वाक्य छापील पानावर चालेल. नभोवाणीवर मात्र "पाटबंधारे खात्यानें कळविलें आहे" हें प्रथम यावें. मग वेळ, मग नदीकांठच्या गांवांचीं नांवें सावकाश, आणि शेवटीं तीं नांवें पुन्हा एकदां. गोठ्यांतील जनावरें सोडावयाचीं कीं नाहींत, हें त्या चार वाक्यांवर ठरतें. पारावरचा माणूस चुकला तर हंशा होतो; नभोवाणीवरचा चुकला तर नदीकांठचें गांव फसतें. वडिलांच्या प्रश्नाला इतकें उत्तर पुरेसें व्हावें.

याचा अर्थ पदवीवांचून हें साधत नाहीं, असा मात्र नाहीं. तेलंगणांतील झहीराबादेजवळ २००८ पासून दलित शेतकरी स्त्रियांनीं 'संगम रेडिओ' हें सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविलें. त्यांच्यापाशीं विद्यापीठाची सनद नव्हती. पण बियाणें, पाऊस, आजार आणि गाणीं यांविषयीं आपल्या भाषेंत बोलण्याचें धैर्य होतें. पदवीधरानें त्यांच्याकडून एक गोष्ट अवश्य शिकावी. बातमी नेहमीं दूरच्या शहरांतूनच येते असें नाहीं. नांवाजलेल्या उस्मानाबादी शेळीचा बाजार, तेरणेचें पाणी, सोयाबीनचा भाव, पीकविम्याचा अर्ज, तुळजापूरच्या यात्रेंतील गर्दीची व्यवस्था, हे सारे विषय चांगल्या बातमीदाराची वाट पाहत आहेत. जानेवारी २०२० मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच जिल्ह्याच्या ठिकाणीं भरलें. येथील मातींत भाषेचें पीक येतें, हें त्या वेळीं सर्वांस दिसलें. तें पीक रोजच्या बातमींत उतरविणें हें काम अद्याप बाकी आहे.

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी. या व्यवसायांत आरंभींचें वेतन पुष्कळदां तुटपुंजें असतें, आणि नोकऱ्या बहुधा मोठ्या शहरांत असतात, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीं पालकांनीं महाविद्यालयाची इमारत पाहण्याऐवजीं चार गोष्टी विचाराव्या. तेथें ध्वनिमुद्रणाची खोली आहे काय, आणि ती विद्यार्थ्यांस उघडी असते काय? विद्यार्थ्यांचें स्वतःचें पत्र नियमित निघतें काय? त्यांना न्यायालयांत, पंचायतसमितींत, बाजारांत बातमीसाठीं धाडतात काय? बदनामीचा कायदा आणि २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा केवळ परीक्षेपुरता शिकवितात, कीं अर्ज लिहून घेतात? घर सोडणें ज्यांना शक्य नाहीं, त्यांच्यासाठीं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांचा मार्ग आहे. पण त्यांनाही हेच प्रश्न स्वतःस विचारावे लागतील.

आणि मुलीला विचारावयाचा प्रश्न एकच. जिल्ह्याचें अधिकृत नांव २०२३ मध्यें धाराशिव झालें. पाटीवरचें नांव बदलण्यास एक आदेश पुरतो. परंतु मथळ्याबाहेर राहिलेल्या सास्तूरसारख्या गांवाचें नांव जगाच्या कानीं घालण्यास तेथें जाऊन, बसून, विचारून, पडताळून लिहिणारें माणूस लागतें. "पदवी घेऊन तूं तेथें जाशील काय?" असें वडिलांनीं विचारावें. ती "होय" म्हणाली, तर तिच्या शुल्काची तरतूद करण्यास त्यांनीं फार विलंब लावूं नये.